पाण्यात उतरायचं सामान

"बुडबुडे! गुरुजी, बुडबुडे कुठायत?"

साहेब काठावरून ओरडत होते आणि मी पाण्याखाली होतो. छातीएवढं पाणी, त्यात गुडघे टेकून वाकलेला मी, तोंडात रबराचा तुकडा, पाठीवर हवेची टाकी. नगरच्या पोहण्याच्या तलावाची ही उथळ बाजू. इथं एरवी पहिली-दुसरीतली पोरं कठड्याला धरून पाय आपटायला शिकतात. टाकीतून मी एक श्वास घेतला होता आणि तोच छातीत धरून बसलो होतो. पाठीवर तासभर पुरेल एवढी हवा होती, पण मी पहिलाच घास गालात ठेवून पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखा.

"सोडा! श्वास सोडा म्हणतो ना! जीव द्यायला आलाय का?"

शेवटी त्यांनी पाण्यात उडी मारली आणि पट्ट्याला धरून मला उभा केला. शेजारी परकर-पोलक्याच्या वयाची एक मुलगी, हल्लीच्या पोहण्याच्या टोपीत, माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आजोबा, मला येतात बुडबुडे काढता." आणि तिनं काढून दाखवले.

तो तिसरा रविवार होता. मी पार दमून गेलो होतो. पाण्यानं नव्हे. पाण्यानं मी आयुष्यात कधी दमलो नाही असं मी लोकांना सांगत आलोय, आणि गेल्या वर्षापर्यंत त्यात निम्मं तरी खरं होतं.

मी प्राथमिक शिक्षक. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. पण नेवासा तालुक्यात, प्रवरेच्या आमच्या काठाला, मला शिक्षक म्हणून ओळखणारी माणसं थोडी आणि विहिरीत बुडी मारणारा म्हणून ओळखणारी फार. कुणाची पाण्यात सोडलेली मोटर दोर कुजून तळाला गेली, की शाळा सुटायच्या वेळेला फाटकात मोटारसायकल उभी राहायची. मी जायचो, नव्या दोराचं टोक दातात धरून खाली उतरायचो, मोटरला गाठ मारायचो, वर यायचो. मग वरची दहा-बारा माणसं मोटर ओढून काढेपर्यंत, खाली मी काय काय पाहिलं ते काठावर बसून सांगायचो. या शेवटच्या कामात माझा जीव जास्त रमायचा. एका विहिरीत मी वासराएवढी मरळ मासळी पाहिलीय, आणि तिनं मला ओळख दिली. दुसऱ्या एका विहिरीच्या तळाला दगडी दार आहे, त्याला कान लावला की पैठणच्या बाजाराचा गलका ऐकू येतो. आणि दम म्हणाल तर, मी खाली गेल्यावर एका घरच्या लोकांनी चुलीवर चहा ठेवला, तो उकळला, ते प्याले, कप विसळून पालथे घातले, तेव्हा कुठं मी वर आलो. हे सगळं खरं आहे. चहा फक्त बिनदुधाचा होता, तो लवकर होतो.

गेल्या भादव्यात मात्र एका विहिरीत मला तळ गाठता आला नाही. पाच परस पाणी होतं, म्हणजे एकाच्या डोक्यावर एक अशी पाच माणसं उभी राहतील एवढं. तीन परसांवर कानात दाभण खुपसल्यासारखं झालं आणि छाती आतून दार वाजवायला लागली. मी वर आलो आणि ठोकून दिलं, "मोटर कपारीत अडकलीय. माणसाचं काम नाही." लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. इंजिनं लावून दोन दिवस पाणी उपसलं. तळ उघडा पडला तेव्हा मोटर मधोमध निवांत पडली होती, अंगणात खाट टाकून कुणी झोपावं तशी. कपार वगैरे काही नव्हतीच.

मला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. आमच्याकडं तोंडावर कुणी बोलत नसलं की समजायचं, पाठीमागं बोलून झालंय.

घरी बायको म्हणाली, "आता बास करा."

मी म्हणालो, "अजून दहा वर्षं."

तिला सांगितलं नाही ते इथं सांगतो. मी विहिरीत उतरायचा बंद झालो की उरणार काय? पेन्शनीचे कागद जमवणारा एक मास्तर. त्याच्या मरळीची गोष्ट ऐकायला कोण कशाला थांबेल? माझ्या सगळ्या गोष्टी त्या पाण्याच्या जोरावर उभ्या होत्या. मला खाली जाणं सोडायचं नव्हतं, आणि दम तर मला सोडून चालला होता. म्हणून मी सामान घ्यायचं ठरवलं.

मोबाईलवर मी पाहिलं होतं, परदेशातली माझ्याहून म्हातारी माणसं पाठीवर टाकी बांधून समुद्राच्या तळाशी भाजी निवडत बसल्यासारखी बसतात. चौकशी करता कळलं की नौदलातून निवृत्त झालेले एक पाणबुडे नगरला राहतात. घराखालच्या गाळ्यात असलं सामान विकतात आणि रविवारी तलावावर शिकवतातही. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. मी एकटाच जाणार होतो, पण बायको आधीच चप्पल घालून दारात उभी. मी एकट्यानं बाजारात गेलो की कोथिंबीर आणायला जातो आणि खुर्ची घेऊन येतो, असं तिचं म्हणणं. एकदा झालंय तसं.

साहेबांचा गाळा म्हणजे काळ्या रबराचं दुकान. भिंतीवर रबरी सूट टांगलेले, मुंडकं नसलेली माणसं ओळीनं उभी केल्यासारखे. साहेब साठीचे, ताठ, आवाज असा की त्यांनी पाण्याखालून हाक मारली तरी श्रीरामपूरला ऐकू जावी.

"आधी काय घ्यायचं ठरवलंय?" त्यांनी विचारलं.

"टाकी," मी म्हणालो.

"सगळे नवखे हेच म्हणतात. टाकी सगळ्यात शेवटी. आधी मास्क. डोळ्यांना दिसलं नाही तर खाली जाऊन करणार काय?"

मला म्हणावंसं वाटलं की तीस वर्षं मी डोळे मिटून हातानंच गाठी मारल्या. पण मास्कांच्या फळीकडं वळलो. मास्क निवडायची रीत त्यांनी दाखवली. पट्टा डोक्यामागं घालायचा नाही, नुसता तोंडावर टेकवायचा, नाकानं श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. चिकटून राहिला तर तो आपल्या तोंडाचा. मी पहिला लावला, पडला. दुसरा लावला, पडला. सात मास्क पडले. आठवा साहेबांनी स्वतः दाबून धरला, तोही पडला.

"मिशी," साहेब म्हणाले. "मिशीतून हवा शिरते."

माझी मिशी काही साधी नाही. तिच्या एका टोकाला लिंबू ठेवलं तर दुसऱ्या टोकाला... असो, नेवाशात तिला मान आहे.

बायको म्हणाली, "काढा की मग."

"मिशी काढून विहिरीत जायचं? लोक काय म्हणतील?"

"बुडल्यावर म्हणतील त्याच्यापेक्षा कमीच म्हणतील."

साहेबांनी मधला मार्ग काढला. नाकाखालची दोन बोटं भादरायची, वर व्हॅसलीन चोपडायचं. शेजारच्या सलूनमध्ये जाऊन ते उरकून आलो. नववा मास्क चिकटला. आरशात पाहिलं तर कुणीतरी माझी मिशी मधून कातरून दोघांना वाटून दिली होती.

मग पायातले पंखे, ते बदकाच्या पायासारखे असतात ते. साहेब म्हणाले, मऊ घ्या, आखूड घ्या, नाहीतर पोटऱ्यांत गोळे येतील. मी सगळ्यात लांब आणि कडक घेतले. ट्रॅक्टर घ्यायला गेलेल्या माणसाला कमी ताकदीचा घ्या म्हटलं तर तो ऐकतो काय?

श्वास घ्यायच्या नळीशी मात्र बायको अडली. तिला तोंडात धरायची दोन टोकं होती.

"ही दोन कशाला? याला तोंड तर येकच हाय."

"दुसरं जोडीदारासाठी," साहेब म्हणाले. "त्याची हवा संपली तर त्यानं तुमच्या टाकीतून घ्यायची. पाण्यात एकट्यानं उतरायचं नसतं, बाई. जोडी पाहिजेच."

"विहिरीत कोन जोडीदार यायचा यांच्यासंगं?"

"मग विहिरीत जायचं नाही."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर, देव माझा नवस ऐकतोय, अशी कळा. मी घाईनं विषय बदलला आणि टाकीत हवा कुठं भरायची ते विचारलं. आमच्या फाट्यावर पंक्चरवाल्याकडं चांगला मोठा कॉम्प्रेसर आहे, ट्रकच्या चाकांत हवा भरतो, तोही मी सुचवला.

साहेब म्हणाले, "गुरुजी, त्या हवेत तेल असतं, धूर असतो. ती टायरसाठी असते. टायरला छाती नसते." त्यांच्याकडं वेगळा कॉम्प्रेसर होता, त्याला गाळण्या होत्या. भरून हवी तर दर वेळी नगरला यायचं आणि तेही शिकून झाल्यावर. तलावावर चार रविवार या, म्हणाले. जमलं तर टाकी देतो, नाही जमलं तर कितीही मागितली तरी देणार नाही.

आणि सूट. इथं चूक झाली. ती कबूल करायला मला काही वाटत नाही, कारण आमच्या भागातल्या कुठल्याही घरानं ती केलीच असती. आमच्याकडं कापड घेताना एक नंबर मोठंच घेतात. पोराचा गणवेश, नवरदेवाचा सदरा, म्हातारीचं पोलकं, सगळं एक नंबर मोठं. कारण धुतलं की आटतं. साहेबांनी माझ्या मापाचा सूट काढला, तो मी दोघांच्या मदतीनं आणि देवाच्या कृपेनं छातीपर्यंत चढवला. आत माझा उसाच्या चरकातला ऊस झाला होता.

बायको म्हणाली, "लई घट्ट हाय. येक नंबर मोठा द्या. पान्यात गेल्यावर आटंल."

"बाई, हे रबर आहे. आटत नाही. सूट अंगाला चिकटूनच बसायला हवा."

"समदेच म्हनत्यात आटत न्हाई. मागं शालूवाल्यानंबी तेच सांगितलं हुतं."

साहेब नौदलात काय काय झेलून आले असतील कोण जाणे, पण आमच्या बायकोपुढं त्यांनी हात टेकले. मोठा सूट बांधून दिला. वर म्हणाले, "याच्याबरोबर वजनाचा पट्टा घ्या. शिशाची वजनं असतात. रबर तरंगतं, नुसत्या सुटानं तुम्ही खाली जाणार नाही."

मी हसलो. "साहेब, आजवर मला वर यायची अडचण पडली असेल, खाली जायची नाही. आणि वजनच लागलं तर आमच्याकडं दगडांना काय तोटा?"

पट्टा घेतला नाही.

रविवारचं काय झालं ते सुरुवातीला आलंच आहे. पहाटेची एसटी धरायची, उभ्यानं नगर गाठायचं, तलावावर तास-दीड तास ओरडा खायचा, उभ्यानं परत. पहिल्या रविवारी वाटलं, जमेल. दुसऱ्या रविवारी वाटलं, जमवू. तिसऱ्या रविवारी साहेबांनी मला काठावर बसवलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"गुरुजी, खाली टाकीतून घेतलेली हवा दाबलेली असते. ती छातीत धरून तुम्ही वर आलात, की वर येता येता ती फुगते. सायकलच्या ट्यूबचं काय होतं माहिताय ना? नवख्याला मी सांगतो, श्वास कधी धरू नको. तो ऐकतो, कारण त्याला दुसरं काही येत नसतं. तुम्हाला धरायचंच येतं."

मी म्हणालो, "बापानं मला सहा वर्षांचा असताना विहिरीत ढकललं, तेव्हा दम धर एवढंच सांगितलं होतं. त्याच्यावर पन्नास वर्षं काढली."

"तीच सवय सोडायचीय."

चौथ्या रविवारी मी मनात मोजत राहिलो, घ्या, सोडा, घ्या, सोडा, जसा मी पोरांकडून पाढा म्हणून घेतो. दहा मिनिटं सुंदर चाललं. मग मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं. थोडंच. आणि माझी छाती आपोआप बंद झाली, वाऱ्यानं दार लागावं तशी, आणि मी दम धरून सरळ वर सुटलो. पाणी उथळ होतं म्हणून काही झालं नाही. साहेब ओरडलेसुद्धा नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवरची टाकी उतरवली, पुसली आणि उचलून आपल्या गाडीत ठेवली.

टाकी मिळाली नाही. मास्क, पंखे आणि एक नंबर मोठा सूट एवढं माझं सामान. परतीच्या एसटीत मी ती पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्याला मी कोकणातून आलो असं सांगितलं, आणि समुद्रातल्या एका कासवाचं बरंच काही सांगितलं. पण राहुरी फॅक्टरी यायच्या आत मलाच त्या कासवाचा कंटाळा आला आणि मी गप्प झालो. असं आधी कधी झालं नव्हतं.

दिवाळीनंतर तात्याची मोटर पडली. तात्या म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. कांद्याचं रोप लावून आठवडा झाला होता, पाणी द्यायलाच हवं होतं. त्यानं निरोप धाडला. मी बायकोला म्हणालो, शेवटचं. ती म्हणाली, "शेवटचं? भादव्यात तर धा वर्सं म्हनला हुता." आणि तरी माझ्यामागं पिशवी घेऊन आली.

विहिरीवर तीसेक माणसं जमली होती. एका मोटरला एवढी माणसं लागत नाहीत. गुरुजींनी नगरहून सामान आणलंय ही बातमी फुटली होती. पाणी पाच परस. तेवढंच, भादव्यातल्या विहिरीइतकं. मी सूट चढवला, मास्क लावला, पंखे घातले आणि पायऱ्यांवरून उलटा उलटा उतरलो, कारण पंखे घालून सरळ उतरता येत नाही हे मला तिथंच कळलं. मग दातात दोर धरून उडी घेतली.

आणि तरंगलो.

पुन्हा बुडी मारली. पंखे वर, मी अर्धा आत, आणि पाण्यानं मला परत वर आणून ठेवलं. सुटात पाणी शिरून पोटाशी तो पखालीसारखा फुगला होता. पाण्यात जाऊन बराच वेळ झाला तरी तो काही आटला नव्हता. पोरांना पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधतात, तसा माझा अख्खा देहच भोपळा झाला होता. वरून कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, बुडा की!" दुसरा म्हणाला, "आवं, बुडाय पैसं पडत्यात व्हय?" बायको सोडून सगळी विहीर हसली.

दगडांची आठवण झाली, पण मोठा दगड कमरेला बांधून विहिरीत जाणारा माणूस लोकांना कसा दिसेल, हेही आठवलं. सूट काढला. ओला सूट काढणं म्हणजे म्हशीचं कातडं म्हशीनंच काढण्यासारखं. पंखे काढले. पोटऱ्यांत गोळे आलेच होते. उरलो मी, चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, आणि मास्क.

एक दीर्घ श्वास भरून खाली गेलो.

तोवर मी विहीर कधी पाहिली नव्हती. हातांनी चाचपली होती. त्या दिवशी उन्हाचा एक झोत तिरका खाली उतरला होता आणि मला सगळं लख्ख दिसलं. हिरवट दगड, त्यावर बसलेलं शेवाळ, फुटलेला पाइप, एक प्लास्टिकची बादली आणि तळाला गाळात कलंडलेली मोटर. तिच्यावरचा निळा रंगसुद्धा दिसला. वरच्या बाजूला दोर अडकवायची कडी होती, तीही दिसली. मधे दीड परस अंतर असेल, म्हणजे गाठ मारायला मी हात पुढं केला तर हात आणि कडी यांच्यामधे अजून एक माणूस उभा राहील एवढं. छाती वाजायला लागली होती. कानात दाभण होतंच. आजवर काही दिसत नव्हतं म्हणून मी आणखी थोडं, आणखी थोडं करत गेलो. आता नेमकं किती उरलंय ते दिसत होतं, आणि तेवढं माझ्यात उरलेलं नव्हतं.

वर आलो. पायरीला धरून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिलो. दोर अजून दातात होता. वरची माणसं आता गोष्टीची वाट बघत होती, आणि येता येता माझ्या डोक्यात दोन तयारही झाल्या होत्या. एकीत मोटरभोवती नाग होता. दुसरी त्याहून बरी होती.

मी दोर तोंडातून काढला. तात्या पायरीवर उतरून माझ्याजवळ उकिडवा बसला होता.

मी म्हणालो, "तात्या, मोटर तळालाच आहे. मोकळी आहे, कशात अडकलेली नाही. मलाच पोचता आलं नाही. आता इथून पुढं मला जमायचं नाही."

बायकोनं टॉवेल पुढं केला. तात्यानं तिच्या हातातून तो घेतला आणि माझ्या खांद्यावर टाकला.

"बरं," तो म्हणाला. "क्रेनवाल्याला मी सकाळीच सांगून ठिवलंय."